वेबसाइटवरचे फोटो इतके हळू का उघडतात? वहिनींच्या माहेश्वरी साड्यांवरून सांगतो

आमच्या वहिनी इंदूरच्या रामबागेतल्या घरातून माहेश्वरी साड्या विकतात, स्वतःच्या वेबसाइटवर. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर, महिना-दीड महिन्यातून त्या आणि दादा जाऊन विणकरांकडून माल घेऊन येतात, मग सकाळी गॅलरीत तिरकं ऊन येतं तेवढ्या वेळात एकेक साडी पसरून मोबाईलवर फोटो काढायचे आणि साइटवर चढवायचे, हे सगळं त्या एकट्या करतात. दिवाळीच्या तीन आठवडे आधी त्यांचा फोन आला. "भाऊजी, जरा येऊन बघता का? पुण्याच्या एक बाई म्हणाल्या तुमच्या साइटवर साड्याच दिसत नाहीत, नुसते पांढरे चौकोन दिसतात, आणि मी उघडते तर मला सगळं व्यवस्थित दिसतंय."

त्या संध्याकाळपासून जे शोधलं आणि बदललं ते इथे लिहून ठेवतोय, कारण ही तक्रार फक्त वहिनींची नाही. कोणी नमकीन विकतं, कोणी मातीचे गणपती, कोणाचं केटरिंग, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की फोटो फार हळू येतात. त्यावर मिळणारं उत्तरही बहुतेक एकच असतं, होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा) बदला, मोठा प्लॅन घ्या. वहिनींनाही साइट बनवून देणाऱ्याने हेच सांगितलं होतं. माझं म्हणणं एवढंच की पैसे भरायच्या आधी वेळ नक्की कुठे जातोय ते बघा, आणि ते बघायला इंजिनिअर असावं लागत नाही, एक कंप्युटर आणि अर्धा तास पुरतो.

आधी ते "मला तर दिसतंय" काय होतं ते सांगतो. ब्राउझर एकदा बघितलेला फोटो आपल्याजवळ साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरकडे, म्हणजे साइट ठेवलेल्या कंप्युटरकडे, न जाता तोच दाखवतो. वहिनींनी ते फोटो स्वतः चढवलेले, दिवसातून दहादा बघितलेले, म्हणजे त्यांच्या फोनमध्ये ते आधीच होते, वर घरी फायबरचं वायफाय. पुण्याच्या बाई पहिल्यांदाच साइटवर आलेल्या आणि मोबाईल डेटावर. म्हणून तपासायचं असेल तर नव्या गिऱ्हाइकासारखं तपासायला पाहिजे, वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू, आणि ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो, तिच्यात जुनं साठवलेलं काही नसतं. मी वहिनींना त्यांच्याच फोनवर तसं उघडून दिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली, साड्या वरून खाली इंच इंच उघडत होत्या, काही तर उघडल्याच नाहीत. वहिनी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे चार महिने लोकांना हे असं दिसतंय?" मला फार वाईट वाटलं, कारण साड्या खरंच सुंदर आहेत आणि त्यामागची मेहनत मी रोज बघतो.

आता फोटो हळू येतो म्हणजे काय होतं ते नळाच्या पाण्यावरून सांगतो, इंदूरच्या माणसाला ते पटकन कळेल. आपलं पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं, आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. नळाला पाणी नीट नाही आलं तर कारणं तीन असू शकतात. टाकीवरचा व्हॉल्व्हच उशिरा उघडला. किंवा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला, पण आपली भांडी इतकी मोठी की त्या पाइपाने भरायला तास लागणार. किंवा पाणी आहे, पण पिंप, कूलर, बादल्या सगळं आधी लावून ठेवलंय आणि चहाचं पातेलं, जे आत्ता हवंय, ते रांगेत शेवटी. साइटचंही अगदी हेच असतं, सर्व्हर उत्तर द्यायलाच वेळ लावतो, किंवा फोटो इतका जड की उतरता उतरता वेळ जातो, किंवा जो फोटो आधी दिसायला पाहिजे त्याची मागणीच उशिरा होते. होस्टिंग बदलून फार तर पहिलं कारण जातं, बाकीची दोन जागच्या जागी राहतात.

ही तिन्ही कारणं वेगवेगळी बघायची सोय क्रोममध्येच आहे. कंप्युटरवर साइट उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्क नावाच्या टॅबमध्ये जा, फक्त इमेज दाखवा असं निवडा, डिसेबल कॅशवर टिक करा म्हणजे साठवलेले फोटो वापरले जाणार नाहीत, आणि पान परत लोड करा. प्रत्येक फोटोची एक ओळ येते, त्यात साइज, लागलेला वेळ आणि शेवटी एक आडवी पट्टी. पट्टीवर माउस नेला की तिचे तुकडे दिसतात, हिरवा म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ, निळा म्हणजे फोटो प्रत्यक्ष उतरण्यात गेलेला. हिरवा लांब असेल तर सर्व्हरचा किंवा अंतराचा प्रश्न, निळा लांब असेल तर वजनाचा, आणि पट्टी सुरूच फार उजवीकडे होत असेल तर रांगेचा. तिथेच वेग मुद्दाम कमी करून बघायचीही सोय आहे, ती जरूर वापरा, कारण आपल्या घरच्या वायफायवर सगळ्याच साइटी छान चालतात.

वहिनींच्या पानावर पट्ट्या जवळजवळ सगळ्या निळ्या होत्या. एका पानावर ३६ साड्या, एकेक फोटो ४ ते ५ एमबीचा, आणि खाली बेरीज १५० एमबीच्या वर. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, नेटचा वेग सांगतात तो मेगाबिटमध्ये आणि फोटोचं वजन असतं मेगाबाइटमध्ये, एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १५० एमबी झाले १२०० मेगाबिट. गर्दीच्या ठिकाणी मोबाईलला ८ एमबीपीएस मिळत असेल तर ते उतरायला १५० सेकंद, अडीच मिनिटं. घरच्या ४० एमबीपीएसवर सुद्धा अर्धा मिनिट. आणि ज्या बाईंचा रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्यांचा दहावा हिस्सा डेटा एकदा आपली साइट बघण्यात संपणार, हे मला तर वेळेपेक्षाही जास्त खटकतं, आपण दुसऱ्याचे पैसे खर्च करतोय.

मग फोटो इतका जड का? कारण मोबाईलचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे ३००० बाय ४००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. तो फोटो साइटवर दिसतो केवढा? फोनच्या स्क्रीनवर दोन रांगांत साड्या, म्हणजे एक साडी अर्ध्या स्क्रीनएवढी. आजच्या फोनचे बारीक ठिपके धरले तरी ५४० बाय ७२० पुरे होतात, ते झाले साधारण ३ लाख ९० हजार. म्हणजे गरजेच्या ३० पट ठिपके आपण गिऱ्हाइकाला पाठवतोय आणि मग त्याचा फोन ते दाबून दाबून लहान करून दाखवतोय. तांब्याभर पाणी हवं असताना दारात टँकर उभा केल्यासारखं. हे तपासायला त्याच एफ-१२ मधल्या एलिमेंट्स टॅबमध्ये फोटोच्या टॅगमधल्या, म्हणजे पानाच्या कोडमधल्या फोटोच्या ओळीतल्या, फाइलच्या पत्त्यावर माउस न्या, रेंडर्ड साइज म्हणजे दिसतोय केवढा, इंट्रिन्सिक साइज म्हणजे मुळात आहे केवढा, दोन आकडे शेजारी शेजारी येतात.

आणि फोटो उतरला म्हणजे संपलं असं नाही, हे फार कमी लोक सांगतात. जेपेग ही फोटोची नेहमीची फाइल घडी घातलेली असते, दाखवण्याआधी फोनला ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. १ कोटी २० लाख गुणिले ४, म्हणजे एका साडीला ४८ एमबी मेमरी, फाइल ४ एमबीची असली तरी. ब्राउझर सगळे फोटो एकदम उलगडत नाही, जे स्क्रीनच्या आसपास आहेत तेच उलगडतो, पण बोटाने भराभर सरकवलं की त्याला सतत उलगडावं आणि टाकावं लागतं, आणि कमी मेमरीचा फोन तिथे अडखळतो. पांढरे चौकोन दिसतात त्याचं एक कारण हेही असतं, फोटो आलेला असतो पण फोनला तो मांडायला सवड मिळत नाही.

उपाय म्हणजे फोटो चढवायच्या आधी लहान करायचे. "लहान केले तर जरीचं काम दिसणार नाही हो," वहिनी लगेच म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माहेश्वरीचं सगळं सौंदर्य काठात असतं, चटई, ईंट, हिरा, लहर, हे नमुने इतके बारीक की धूसर झाले तर उरतं काय? म्हणून एकच माप करायचं नाही. आम्ही प्रत्येक साडीच्या तीन फाइली केल्या, यादीच्या पानासाठी ६०० पिक्सेल रुंद, साडीच्या स्वतंत्र पानासाठी १६०० पिक्सेल, आणि काठाचा वेगळा जवळून काढलेला फोटो, जो दाबल्यावरच येतो. काठ बघायचाय त्याने तो मागवावा, नुसती नजर फिरवणाऱ्यावर त्याचा भार नको.

लहान करताना दोन गोष्टी आम्हाला ठेच लागून कळल्या. पहिली, बारीक रेघांची किंवा चौकटीची साडी वाईट पद्धतीने लहान केली की तिच्यावर नसलेल्या लाटा दिसायला लागतात, टीव्हीवर बारीक पट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस आला की जसं झिरमिळतं ना, तसं. काही सॉफ्टवेअर मधले मधले ठिपके सरळ गाळून टाकतात त्यामुळे हे होतं. लँझोस नावाची पद्धत निवडली तर आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढून लहान केलं जातं आणि रेघा बऱ्याच अंशी शाबूत राहतात. स्क्वूश नावाचं गूगलच्या क्रोमवाल्यांचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे बाहेर पाठवत नाही, त्यात ही सोय आहे आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवून बघता येतो. एकेक फोटोसाठी ते उत्तम, पण ३६ साड्या एकदम करायच्या तर विंडोजवर इरफानव्ह्यू आहे, त्यात अख्खा फोल्डर एकदम होतो.

दुसरी गोष्ट लाल रंगाची. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक जितका बारीक कळतो तितका रंगाचा कळत नाही, आणि याच कमजोरीचा फायदा घेऊन फोटोची फाइल लहान करतात, उजेडाची माहिती पूर्ण ठेवायची आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांमध्ये एकदाच. आकाश, झाडं, चेहरे, काही फरक पडत नाही. पण गर्द लाल अंगावर एक ठिपका जाडीची सोनेरी रेघ असेल तर ती मातकट होऊन पसरते. जेपेगमध्ये रंगाची ही काटछाट बंद करता येते. वेबपी हा गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार जेपेगपेक्षा साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने हलका पडतो, पण त्याच्या नेहमीच्या, थोडं गाळणाऱ्या प्रकारात ही काटछाट कायम असते, बंद करता येत नाही. म्हणून यादीच्या पानाला आम्ही वेबपी ठेवला, दर्जा ७५, एक साडी ८० केबीच्या आसपास, आणि काठाच्या फोटोला रंग पूर्ण ठेवलेला जेपेग. एव्हीआयएफ त्याहून नवा आणि आणखी हलका, त्यात रंग पूर्ण ठेवता येतो, पण बनवायला वेळ फार लागतो आणि जुने फोन ते उघडत नाहीत, तेव्हा तो वापरायचा तर सोबत जेपेगही ठेवावा लागतो, वहिनींना एवढा व्याप मी सुचवला नाही. पीएनजी मात्र फोटोला कधीच वापरू नका, तो लोगो आणि रेषांच्या चित्रांसाठी चांगला, साडीचा फोटो त्यात कित्येक पट जड होतो. आणि आयफोनवाल्यांनी एक बघा, त्यांचे फोटो हाइक नावाच्या प्रकारात असतात, ते क्रोममध्ये दिसतच नाहीत, जेपेग करूनच चढवायचे.

पुष्कळ जण फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून तो उतरवून चढवतात, कारण त्यात तो आपोआप लहान होतो. मी हे करू नका म्हणेन. एकदा दाबून हलका केलेला फोटो परत तसाच दाबून हलका केला की प्रत्येक वेळी थोडा खराब होतो, आणि कापडाच्या फोटोत ते पहिल्यांदा दिसतं.

आता जरा वेगळं, पण फार महत्त्वाचं. फोनने काढलेल्या फोटोत चित्राशिवाय आणखी माहिती असते, तारीख, कॅमेरा, आणि लोकेशन चालू असेल तर फोटो जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांश. वहिनींनी चढवलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांच्या घराचा पत्ता होता, अगदी गॅलरीपर्यंत. ती फाइल जगात कोणीही उतरवून घेऊ शकतो. घरातून धंदा करणाऱ्या बायकांना हे कोणीच सांगत नाही याचा मला राग येतो. फोटो लहान करताना ही माहिती काढून टाकायचा पर्याय असतो, तो निवडा, शिवाय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. फक्त काढताना थोडं सांभाळून, कारण फोटो आडवा की उभा हेही त्याच माहितीत लिहिलेलं असतं, ते नीट लागू न करता उडवलं की साड्या आडव्या झोपतात. तसंच रंगांची नोंदही असते, आयफोन नेहमीपेक्षा जास्त विस्तृत रंग वापरतो आणि ती नोंद उडाली की गुलाबी फिका दिसतो, तेव्हा आधी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून घ्यायचं. साडी वेगळ्या रंगाची निघाली म्हणून परत आलेलं पार्सल कोणालाच परवडत नाही.

वजन उतरल्यावर ३६ साड्या मिळून ३ एमबीच्या आत आल्या. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण रांगेचा प्रश्न अजून होता. पानाच्या वर पाच फोटोंचा एक स्लायडर फिरत होता, दिसायचा एक पण पाचही आधीच मागवले जायचे, आणि तो जावास्क्रिप्टने, म्हणजे वेगळ्या कोडच्या फाइलने, चालतो म्हणून ब्राउझरला आधी ती फाइल आणून वाचावी लागे आणि मग कळे की अरे, फोटो पण आणायचेत. ब्राउझर पानाचा मजकूर वाचायला लागला की त्यातले सरळ लिहिलेले फोटो लगेच मागवायला सुरुवात करतो, पण स्टाइलच्या फाइलमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये लपवलेला फोटो त्याला उशिरा सापडतो. मी स्लायडर काढून एकच फोटो सरळ पानात टाकायला सांगितला. स्लायडरचा दुसरा-तिसरा फोटो थांबून बघणारं गिऱ्हाईक माझ्या तरी बघण्यात नाही.

मग लेझी लोडिंग. फोटोच्या टॅगमध्ये लोडिंग लेझी एवढं लिहिलं की स्क्रीनच्या खाली दूर असलेले फोटो आपण तिथपर्यंत सरकल्यावरच मागवले जातात, क्रोममध्ये हे २०१९ पासून आहे. यात माझ्या हातून चूक झाली, मी ते सगळ्याच फोटोंना लावलं, सगळ्यात वरच्यालाही, आणि वरचा फोटो आधीपेक्षा उशिरा यायला लागला, कारण ब्राउझर आता थांबून मोजत बसतो की हा स्क्रीनवर आहे का नाही. वरचा मोठा फोटो आणि पहिल्या दोन-चार साड्या, यांना लेझी लावायचं नाही, उलट वरच्याला फेच प्रायॉरिटी हाय असं लिहायचं म्हणजे तो रांगेत पुढे येतो. गूगल जो आकडा मोजतं, पानावरचं सगळ्यात मोठं चित्र किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ, तो अडीच सेकंदांच्या आत असला तर चांगला धरतात, आणि तो बहुतेक वेळा याच वरच्या फोटोवर ठरतो.

तिथेच फोटोची रुंदी-उंचीचे आकडेही लिहा. ते नसतील तर ब्राउझरला जागा किती सोडायची कळत नाही, फोटो आला की खालचं सगळं ढकललं जातं, आणि माणूस एका साडीवर बोट ठेवायला जातो तर दुसरीच उघडते. वहिनींना असे दोन फोन आले होते, "मी ही साडी दाबलीच नव्हती" म्हणून, तेव्हा त्यांना वाटलं होतं बाईंचा काहीतरी घोळ झाला असेल.

आता एकाच फोटोची ६०० आणि १६०० पिक्सेल अशी दोन मापं आहेत तर कोणतं कधी द्यायचं हे ब्राउझरलाच ठरवू देता येतं, फोटोच्या टॅगमध्ये एसआरसीसेट नावाच्या यादीत दोन्ही फाइली आणि त्यांची रुंदी लिहायची, तो स्क्रीन बघून उचलतो. पण सोबत साइझेसमध्ये हेही लिहावं लागतं की फोटो पानावर किती जागा व्यापणार आहे. ते विसरलं तर ब्राउझर धरून चालतो की फोटो पूर्ण स्क्रीनभर आहे, आणि मोठी फाइल उचलतो, मग आपण म्हणतो एवढं करून फरक का पडत नाही. वर्डप्रेस वापरणाऱ्यांना यातलं बरंच आपोआप मिळतं, लहान मोठी मापं, ही यादी, २०१९ पासून २५६० पिक्सेलच्या वरचे फोटो लहान करणं, २०२० पासून लेझी. तरी फोटो जड दिसत असतील तर बहुतेक थीम सगळीकडे फुल साइज मागतेय, ते बघा.

शेवटी हिरवे तुकडे, म्हणजे सर्व्हर. वहिनींचा सर्व्हर अमेरिकेत निघाला, इथून तिथे जाऊन यायला पाव सेकंद. पाव सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण पहिला फोटो मागायच्या आधी एक फेरी ओळख करून घ्यायला, एक फेरी कुलूप-किल्ली ठरवायला, मग एक फेरी मागणीची, झाला पाऊण सेकंद. पुढे सर्व्हर एकदम सगळं ओतत नाही, रस्ता किती झेपतो माहीत नसतं म्हणून आधी साधारण १४ केबी पाठवतो, पोच आली की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट, व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा तसा. ८० केबीची साडी तीन फेऱ्यांत येते, ४ एमबीची यायला नऊ तरी लागतात. म्हणजे लांबचा सर्व्हर जड फोटोला जास्त छळतो आणि फोटो हलके केल्यावर अंतराचा त्रास निम्म्याने कमी होतो, म्हणून मी ते आधी केलं आणि सर्व्हरकडे नंतर वळलो.

त्यावर सीडीएन हा उपाय आहे. सीडीएनवाले आपल्या फोटोंच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवतात, पुण्याच्या बाईंना फोटो मुंबईहून मिळतो, अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅन वहिनींसारख्या साइटला पुरला. सोबत सर्व्हरला सांगितलं की फोटो वर्षभर साठवून ठेवायला हरकत नाही असं ब्राउझरला कळव, त्यामुळे दुसऱ्यांदा येणाऱ्याला काहीच उतरवावं लागत नाही. याचा एक नियम पाळावा लागतो, फोटो बदलला तर फाइलचं नावही बदलायचं, नाहीतर लोकांना वर्षभर जुनीच साडी दिसत राहील.

हे सगळं करूनही हिरवा तुकडा सेकंद-दोन सेकंदांचा असेल तर मात्र सर्व्हर खरंच दमतोय, काही साइटींवर प्रत्येक वेळी मागणी आल्यावर फोटो लहान करायचं काम सर्व्हर करतो, ते एकदाच करून ठेवायला सांगा. तरीही नाही जमलं तर होस्टिंग बदला, तेव्हा तो खर्च योग्य जागी होईल.

वहिनींचं पान आता मोबाईल डेटावर दोन सेकंदांत दिसायला लागतं. पुण्याच्या बाईंनी दोन साड्या घेतल्या, एक आईसाठी. मागच्या महिन्यात मीही महेश्वरला गेलो होतो, घाटाजवळ ज्या विणकराकडून वहिनी काठाच्या साड्या घेतात त्यांना त्यांच्याच जुन्या फोनवर साइट उघडून दाखवली. त्यांनी काठाचा फोटो दाबला, दोन बोटांनी मोठा केला, लहरीच्या रेघा मोजल्या आणि म्हणाले, "हाँ, ये तो हमारे करघे की है." वहिनी नुसत्या हसल्या. त्या फोटोला तिथे चार सेकंद लागले, नेटवर्क कमजोर होतं, आणि तेवढा वेळ स्क्रीन पांढरी होती. त्यासाठी आता काठाचे फोटो प्रोग्रेसिव्ह जेपेगमध्ये करून घेतोय, म्हणजे आधी धूसर काठ लगेच दिसेल आणि मग रेघा स्पष्ट होत जातील. वीस झालेत, सोळा राहिलेत.